शांडिल्य गोत्राचे डिन्सडेल

१

माझ्या सासूबाईंचं नाव शीला. हे आधी लिहून टाकते, मग बाकीचं.

लग्न होऊन मी टोरंटोला उतरले तेव्हा माझ्या अंगावर पुण्याच्या थंडीचा स्वेटर होता. विमानतळाच्या दारातच सासूबाईंनी स्वतःचा मरून रंगाचा कोट काढून मला घातला आणि स्वतः साडीवर शाल गुंडाळून पार्किंगपर्यंत चालत आल्या. "मी मुरलेय गं इथे, लोणच्यासारखी," म्हणाल्या. सासू म्हणजे सारख्या सूचना, हे समीकरण त्यांनी पहिल्याच दिवशी मोडलं. मला आई दोन होत्या, असं मी अजूनही सांगते.

शेवटच्या आजारात नॉर्थ यॉर्कच्या हॉस्पिटलात त्यांनी माझा हात धरला. माझा नवरा श्रेयस खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभा होता. "चैत्राली, मला काही मोठं नको. वर्षातून एकदा माझं नाव घ्या आणि कावळ्याला खीर ठेवा. तिकडे असते तर अख्ख्या आळीनं आठवण काढली असती. इथे तुमच्याशिवाय माझं नाव कोण घेणार?" मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं!

त्या गेल्यावर बाबा, म्हणजे माझे सासरे शरदचंद्र, कॉन्डो विकून आमच्याकडे व्हिटबीला आले. आमचं घर नव्या वसाहतीच्या अगदी टोकाला. मागे लाकडी कुंपण, पलीकडे पावसाचं पाणी साठवायचं तळं, आणि कुंपण नि तळं यांच्यामध्ये चिमूटभर दफनभूमी. एकाच कुटुंबाची, आठ दगडांची. बिल्डरला ती हलवता येत नव्हती, म्हणून आमचा प्लॉट जरा स्वस्तात मिळाला. "शेजारी शांत आहेत," असं श्रेयस आल्यागेल्याला सांगायचा.

बाबा मूळचे देवरुखचे. एकोणसत्तर साली इथे आले ते रस्तेखात्यात इंजिनियर म्हणून निवृत्त झाले. रोज सकाळी चहाचा मग घेऊन ते कुंपणाच्या फाटकातून पलीकडे जायचे आणि दुपारी मी जेवायला हाक मारली की परत यायचे. दगडांवरचं शेवाळं दातांच्या जुन्या ब्रशनं घासून त्यांनी अक्षरं मोकळी केली होती. विल्यम डिन्सडेल, जन्म यॉर्कशर, इंग्लंड. पत्नी हॅना, जन्म यॉर्कशर, इंग्लंड. मग पोरंबाळं.

"मेल्यावरसुद्धा मूळ गाव सोडलं नाही लेकानं," बाबा कौतुकानं म्हणायचे. "आणि नुसतं दगडावर नाही. व्हिटबी, पिकरिंग, स्कारबरो, यॉर्क, ही सगळी त्यांच्या त्या परगण्यातली गावं. माणसं येताना ट्रंकेतून भांडीकुंडी आणतात, यांनी गावंच आणली. आपण काय आणलं? मेतकूट!"

एकदा जेवताना म्हणाले, "टाउन ऑफिसात विचारून आलो. त्यांच्यातलं आता कोणी उरलेलं नाही. शेवटचा पश्चिमेला गेला, तिकडेच संपला. दोन पिढ्यांत खलास. नाव घ्यायला कोणी नाही गं."

हॉस्पिटलातलं वाक्य मला आठवलं. बाबांनाही तेच आठवत असणार. मी त्यांना आणखी एक पोळी वाढली.

२

सर्वपित्री अमावास्येला आमच्याकडे गुरुजी येतात ते टॅबलेटवर, पुण्याहून. त्यांची रात्रीची जेवणं उरकलेली असतात आणि आमच्याकडे ऊन डोक्यावर असतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण बाबांचा त्यांच्यावर विश्वास होता.

मागच्या वर्षीची गोष्ट. श्रेयस ऑफिसला गेला होता. बाबा घरामागच्या लाकडी डेकवर पाटावर बसले होते, सोवळ्यावर फ्लीसचं जॅकेट चढवून. टॅबलेट धरून मी समोर. काळे तीळ, दर्भ, तामन, सगळं मांडलेलं. पणजोबांपासून सुरुवात झाली. अंगठ्याच्या बाजूनं पाणी सोडत बाबा एकेक नाव घेत होते. 'शीला' म्हणायच्या आधी ते दर वर्षी थोडे थांबत. त्याही दिवशी थांबले, मग घेतलं.

आणि म्हणाले, "गुरुजी, अजून आठ नावं आहेत."

"आप्त?"

"शेजारी."

गुरुजी मुरलेले. "हरकत नाही. आजच्या दिवशी कोणालाही देता येतं. गोत्र माहीत नसणार. काश्यप म्हणा. ज्यांचं कोणी नाही त्यांचं काश्यप." एवढं बोलून ते तोंड उघडं ठेवून गोठले. आमचं वायफाय.

बाबा थांबले नाहीत. ओंजळीत पाणी घेऊन त्यांनी स्वच्छ आवाजात म्हटलं, "शांडिल्यगोत्र विल्यमशर्मा." ब्राह्मणाच्या नावापुढे शर्मा लावतात तसा यॉर्कशरच्या शेतकऱ्याच्या नावापुढे लावलेला ऐकून मला फस्सकन हसू आलं. मग लक्षात आलं.

"बाबा, काश्यप म्हणाले ते. शांडिल्य आपलं."

"माहितेय मला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, कुंपणाकडे पाहिलं. "काश्यप म्हणजे बेवारस. त्यांना बेवारस का म्हणायचं? मी आहे की."

आठही नावं त्यांना पाठ होती. शेवटचं पाणी तामनात पडलं तेव्हा गुरुजी परत हलायला लागले. "झालं?" त्यांनी विचारलं. "झालं," बाबा म्हणाले.

मी दोन पानं वाढली. सासूबाईंचं डेकच्या कठड्यावर, आणि बाबांच्या आग्रहावरून दुसरं कुंपणाच्या खांबावर. दर वर्षी मी दार लावून आत वळायच्या आत कावळा खिरीवर हजर. सासूबाईंना भूक धरवत नसे, तशीच ही सवय. त्या दिवशीही तो लगेच आला. कठड्यावर उतरला, खिरीशी मान नेली, आणि थबकला. त्यानं कुंपणाकडे पाहिलं. मग चुकीच्या घरी जेवायला आलेला माणूस ओशाळून मागे सरकतो ना, तसा तो कठड्यावरून बाजूबाजूनं मागे सरकत गेला आणि उडाला. पुन्हा आला नाही.

छायामावशीचा फोन आला. ही सासूबाईंची धाकटी बहीण, ठाण्याला असते. या एका प्रश्नासाठी दर वर्षी जागी राहते. "शीलाचं पान ठेवलंस ना गं? शिवला का कावळा?"

"शिवला," मी म्हटलं. म्हाताऱ्या बाईची झोप कशाला उडवायची?

दुसरं पान आणायला गेले तर खांबावर ताटली नव्हती. ती डेकच्या पायरीवर होती. स्वच्छ धुतलेली, पालथी.

"रॅकून," श्रेयस आल्यावर म्हणाला. "ते खाणं धुऊन खातात."

"खाणं धुतात. ताटली धुऊन निथळायला ठेवत नाहीत."

"मग बाबांनी ठेवली असेल."

बाबांना विचारलं तर ते हसले. "पाहुणे थोडेच आहेत ते, उष्टं तसंच टाकून जायला?"

३

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. आमच्या धंद्यात एकदाच घडलेल्या गोष्टीला कोणी बग म्हणत नाही. पुन्हा घडवून दाखवावी लागते. ताटलीचं मी सोडून दिलं.

आवाज मात्र रोज येऊ लागला, दुपारी. मी खालच्या खोलीत ऑफिसचं काम करते, खोलीला लागून स्वयंपाकघर. आधी लोखंडी खिट्टी उचलल्याचा आवाज, मग जड लाकडी दार दगडी फरशीवर घासत उघडल्याचा. आमच्या घरात खिट्टी नाही. डेकचं दार काचेचं, सरकतं. बाकीच्या दारांना गोल मुठी. फरशी दगडाची नाही, लॅमिनेट आहे, आणि श्रेयसनं ते स्वतः बसवल्यामुळे चालताना फुगतंही.

घर तापवणारा फर्नेस असेल म्हणून मी तो बंद करून पाहिला. डिशवॉशर बंद केला. पाण्याच्या पाइपला कान लावून बसले. घर नवं आहे, लाकूड अजून बसतंय, असंही स्वतःला सांगून पाहिलं. नव्या घराचे आवाज असतात. पण हा जुन्या घराचा आवाज होता, आणि तिथे जुनं घर नव्हतंच.

एकदा मीटिंगमध्ये हॅलिफॅक्सच्या ऑफिसातला नंदन मध्येच म्हणाला, "चैत्राली, तू जा हवं तर. कोणीतरी आलंय तुझ्याकडे. दार वाजलं."

माझ्या हेडफोनमधून पलीकडे पार्श्वभूमीचा आवाज जात नाही. त्यासाठी तर घेतलाय.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. बाबा टेबलाशी बसून मटार सोलत होते. टेबलाच्या सगळ्या खुर्च्या बाहेर ओढलेल्या होत्या, माणसं नुकतीच बसल्यासारख्या. गॅरेजमधल्या फोल्डिंगच्यासुद्धा आणून मांडल्या होत्या.

"एवढ्या खुर्च्या कशाला, बाबा?"

"लागतात," ते म्हणाले. मटारांचे ढीग टेबलावर जागोजागी होते, आणि सोलणारं माणूस एकच होतं. मी घाबरले, हे इथे सरळच सांगते. तरी मी खुर्च्या आत सरकवल्या, डाळीला फोडणी दिली आणि बाबांना म्हटलं की आज थंडी वाढलीय, बाहेर जाऊ नका.

४

ते गेलेच. गडगा घालायला घेतला होता ना.

कोकणात आवाराला चुना-सिमेंटाशिवाय नुसत्या दगडांची भिंत घालतात, तो गडगा. तळ्याच्या कडेला शेतातून काढलेल्या दगडांचा जुना ढीग पडून होता. बाबांनी आमच्या कुंपणाच्या फळ्या उचकटल्या आणि आमचं मागचं अंगण नि ती दफनभूमी दोन्ही पोटात घेईल असा गडगा आखला. श्रेयस चिडला. "बाबा, टाउनवाले फाइन मारतील! आणि तुमचा हर्निया! डॉक्टर म्हणाले होते ना, नो लिफ्टिंग."

"मी कुठे उचलतोय? मी सांगतोय फक्त."

"कोणाला सांगताय?"

"आपल्या माणसांना."

मला आधी वाटलं, लहानपणी देवरुखला पाहिलेलं म्हातारपणी हाताला आठवतंय. पण आमच्याकडचा गडगा ओबडधोबड असतो. हा तसा नव्हता. दोन्ही बाजूंनी दगड लावत वर निमुळता होत गेलेला, मध्ये बारीक खड्यांची भर, आणि ठरावीक उंचीवर आरपार जाणारे लांबलचक दगड. बाबांना हे कोणी शिकवलं ते मी विचारलं. "त्यांच्याकडे असाच घालतात. मेंढ्या उडी मारून जातात ना, म्हणून वरचे उभे लावायचे." इथे मेंढ्या नाहीत. जवळच्या दुकानातल्या फ्रीजरमध्ये आहेत तेवढ्याच.

एका आरपार दगडाला मी आणि श्रेयसनं मिळून रेटून पाहिलं. तो हलला नाही. श्रेयस तळहात झटकत आत निघून गेला आणि त्या विषयावर पुन्हा बोलला नाही. बोलण्यासारखं नसलं की न बोलणं, हा त्याचा स्वभाव आहे. माझा नाही, म्हणून मला त्रास जास्त होतो.

शनिवारी अक्षरा हातमोजे घालून भरीचे खडे वेचत होती. आठ वर्षांची आहे आमची लेक. मराठी कळतं, उत्तरं इंग्रजीत.

"दमलीस का गं?"

"आय अ‍ॅम सो स्लो, आई. शी डझन्ट इव्हन वेअर ग्लव्ह्ज."

"कोण?"

तिनं भिंतीच्या पलीकडच्या बाजूला पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खांदे उडवले. भिंतीच्या पलीकडे खड्यांचा दुसरा ढीग होता. तिच्या ढिगापेक्षा मोठा. मी तिला हाताला धरून आत आणलं आणि दुपारभर टीव्ही लावून दिला, मागेल तेवढा.

गडग्यात एक वाट सोडलेली होती, तळ्याच्या बाजूला, एक माणूस जाईल एवढी. मी बाबांना विचारलं, "ही कशाला ठेवलीत?"

"हिला यायला," बाबा म्हणाले. "ती काय भिंतीवरून चढणार? गुडघे दुखतात तिचे."

मला इतकं हायसं वाटलं की रडू आलं. बाकी काहीही असो, सासूबाई त्यांच्या ध्यानात होत्या.

५

नोव्हेंबरात एका सकाळी बाबा हॉलमधल्या फोटोसमोर उभे होते. चष्मा पुसून, परत घालून पाहत होते.

"चैत्राली, या बाई कोण गं?"

मी हसले. मला वाटलं, चेष्टा करताहेत. दोघांची तशी चेष्टा चालायची.

"चेहरा ओळखीचा वाटतोय," ते अदबीनं म्हणाले. "तुमच्याकडच्या का?"

"बाबा, आई आहेत त्या. शीलाआई. पन्नास वर्षं संसार केलात तुम्ही!"

"असं का," ते म्हणाले. परक्याच्या फोटोला म्हणतात तसं. आणि चहाचा मग घेऊन बाहेर गेले.

डॉक्टरकडे नेलं. वार, तारीख, शंभरातून सात वजा करत जाणं, घड्याळाचं चित्र, सगळं बरोबर. देवरुखच्या शाळेतल्या मास्तरांची नावं सांगितली, आपण बांधलेल्या पुलांची सांगितली. डॉक्टर म्हणाले, शोकात असं होतं कधीकधी. शोक? त्यांना शोकच उरला नव्हता, हेच तर दुखणं होतं. भिंत शाबूत, आणि मधलाच एक दगड काढून घेतलेला.

त्या दिवशी मी गुरुजींना फोन लावला. सगळं सांगितलं.

"दिलेलं गोत्र परत घेता येतं का, गुरुजी?"

"तुम्हाला लग्नात शांडिल्य दिलं ना, सूनबाई? ते आता कोणी परत मागितलं तर?"

मीही या घरात अशीच आलेली, परक्या गोत्रातून. मला सामावून घेताना कोणाला बाजूला सरकावं लागलं नव्हतं, एवढाच फरक. किंवा लागलं असेल. विमानतळावर शालीवर कुडकुडत चाललं होतं कोणीतरी.

तेव्हापासून मी रोज सकाळी फोटोसमोर उभी राहून नाव घ्यायला लागले. शीला, शीला, शीला. बाबा चहा पीत माझ्याकडे बघायचे, सुनेचं डोकं फिरलंय असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचं.

६

बाबा त्या वाटेतच गेले. दुपारी मी जेवायला हाक मारली, आले नाहीत. गडग्याच्या मोकळ्या जागेत पाठ टेकून बसले होते, डोक्याला कानटोपी, मांडीशी मग. हृदय थांबलं होतं. चेहरा समाधानी होता, आणि अंगावर बर्फ भुरभुरत होतं. चहाचा मग रिकामा, धुतलेला, पालथा.

दहाव्याला परसातच विधी केले. टॅबलेटवर गुरुजी, श्रेयसच्या डोक्यावरचे केस उतरवलेले, आमचे चार-पाच स्नेही जाडजूड पार्का कोट घालून उभे. पिंड गडग्यावर ठेवला. समोरच्या मेपलवर कावळे भरपूर होते. एकही हलेना.

सगळे मागे सरकलो. वाट पाहिली. ज्यानं हे कधी पाहिलंय त्यालाच कळेल, ती शांतता कशी असते. गेलेल्या माणसाचं काहीतरी राहिलंय आणि ते आपल्याला ओळखता येत नाही.

"बाबा, अस्थी संगमेश्वरला नेईन," श्रेयस हात जोडून म्हणाला. कावळे बसून. "अक्षराला मराठी शाळेत घालीन." बसून. "आईचं दर वर्षी करीन, चुकणार नाही." त्यासरशी जवळच्या फांदीवरचा कावळा पाठ करून बसला. मी डोळ्यांनी पाहिलं.

बोटं बधिर व्हायला लागली. अक्षरा माझ्या जॅकेटात तोंड खुपसून रडत होती. गुरुजी पडद्यावरून हळूच म्हणाले, "आता दर्भाचा कावळा करून शिववा. शास्त्रात सोय आहे." आणि श्रेयस, जो कधी बोलत नाही, तो गुडघ्यांवर बसून मोठ्यानं म्हणाला, "बाबा, काय राहिलंय? सांगा ना!"

मला माहीत होतं काय राहिलंय. डेकवर टॅबलेट धरून मीच उभी होते त्या दिवशी. माझ्यासमोर गडग्यातली ती वाट होती, सासूबाईंसाठी सोडलेली, आणि तिच्यातून पलीकडचं तळं दिसत होतं. मी गप्प राहू शकले असते. दर्भाचा कावळा चालला असता. पण नवरा बर्फात गुडघ्यांवर बसून रडत असताना शहाणपण सुचत नाही.

"बाबा," मी म्हटलं, "त्या आठ जणांचं दर वर्षी होईल. शांडिल्य गोत्रानंच. नावं मी सांगेन."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर होता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, असं मी मनाला सांगितलं. सगळे रडत, हुश्श करत आत गेले. कोणीतरी चहा टाकला.

तामन विसरलं म्हणून मी परत आले. तेव्हा तो आवाज ऐकला, दगडावर दगड बसल्याचा, आणि मग भरीचा खडा ठोकून बसवल्याचा, टक टक. मी मान वर केली. वाट बुजलेली होती. आत्ता बुजवल्यासारखी नाही, पहिल्यापासून तिथे भिंतच असल्यासारखी, वरच्या उभ्या दगडांवर बर्फसुद्धा धरलेलं.

भिंतीपलीकडे, तळ्याच्या काठावर, मरून कोट होता.

चेहरा दिसेल एवढं जवळ नव्हतं. साडीचा घोळ बर्फाला टेकलेला, एक हात गुडघ्यावर. ओळखीच्या घराची बेल वाजवून, आतल्या माणसांचे आवाज ऐकत दार उघडायची वाट बघत उभं राहतात, तसं ते उभं होतं. मला हाक मारायची होती. तोंड उघडलं. मग बर्फाची सर आली आणि ती ओसरली तेव्हा काठावर काही नव्हतं.

घरात येऊन कोटांचं कपाट उघडलं. मरून कोट जागच्या जागी होता. हात लावून बघायचं धाडस झालं नाही.

७

परवा सर्वपित्री झाली. श्रेयसनं रजा घेतली होती. पाटावर तो, टॅबलेटवर गुरुजी, नावं सांगायला मी, कबूल केल्याप्रमाणे. दिवस सुंदर होता, मेपल लाल झालेला. बाबा गेल्यापासून घरात तसा काही त्रास नाही. दुपारी दार वाजतं, पण त्याची सवय झालीय, आणि खुर्च्या आता मीच मांडून ठेवते.

पणजोबा, आजोबा झाले. मग मी भराभर सांगत गेले, न बघता, न अडखळता: विल्यम, हॅना, थॉमस, एलायझा, तीन लहान, म्हातारी जेन. मग बाबा. श्रेयसच्या ओंजळीत अजून पाणी होतं.

"पुढे?" त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी आठवून पाहिलं. "झाले सगळे," मी म्हटलं.

त्याच्या बोटांच्या फटींतून पाणी गळत होतं. मग त्यानं हात झटकले, गुरुजींनी शेवटचे मंत्र म्हटले आणि आम्ही पानं वाढली. गडग्यावर ताटल्या ओळीनं ठेवल्या. घरात येऊन हात धुतोय तोवर खिट्टी वाजली. थोड्या वेळानं ताटल्या पायरीवर आल्या, स्वच्छ, पालथ्या, एकावर एक रचलेल्या.

डेकच्या कठड्यावर आणखी एक ताटली होती. तिला कोणी हात लावला नव्हता. खिरीवर साय धरली होती. खीर भरपूर घातलेली, वर केशर, दोन बदाम जास्तीचे. वाढली मीच असणार, दुसरं कोण? कोणासाठी, ते काही केल्या आठवेना. घाईत एक पान जास्तीचं वाढलं गेलं असेल. मी ती सिंकमध्ये रिकामी केली.

तेवढ्यात छायामावशीचा फोन आला.

"शीलाचं पान ठेवलंस ना गं? शिवला का कावळा?"

"कोणाचं, मावशी?" मी विचारलं.

ती मग फोनवर रडायला लागली, आणि का रडतेय ते मला कळेना.